नदी सुरयांचं बेट कसं राखावं: माघ ते ज्येष्ठ

माघात कृष्णेचं पाणी उतरू लागलं की कराडपासून मिरजेपर्यंत पात्रात ठिकठिकाणी वाळूचे आणि खडकांचे उंचवटे उघडे पडतात. धरणांच्या फुगवट्यात बुडालेल्या टेकाडांचे माथेही तेव्हाच वर येतात. नदी सुरय आणि पाणभिंगऱ्या हे नदीवरचे पक्षी अंडी घालायला अशाच जागा शोधतात. उघड्या वाळूत पोटानं घासून केलेला वीतभर खळगा, त्यात दोन-तीन ठिपकेदार अंडी, एवढंच त्यांचं घरटं. नदी सुरय आज जागतिक पातळीवर असुरक्षित प्रजातींच्या यादीत आहे आणि त्याचा सगळा विणीचा हंगाम नेमका आपल्या नदीच्या सर्वांत धामधुमीच्या तीन महिन्यांत येतो.

जमिनीवर अंडी घालणारा पक्षी बेटच निवडतो, कारण चारी बाजूंचं पाणी कुत्र्या-कोल्ह्यांना अडवतं. ध्रुवाजवळच्या बेटांवर लाखो समुद्रपक्षी उघड्या जमिनीवर किंवा बिळात अंडी घालतात, तेही याच भरवशावर. अंटार्क्टिकेजवळच्या साउथ जॉर्जिया बेटावर अठराव्या शतकाअखेरीपासून सीलच्या शिकारीसाठी जहाजं येऊ लागली, त्यांतून उंदीर उतरले आणि बिळात घरटं करणारे पक्षी मोठ्या भूभागावरून नाहीसे झाले. समुद्र होता तिथेच होता, माणसानं त्यावर पूल टाकला. आपल्याकडे हाच पूल कधी उतरलेल्या पाण्यानं तयार होतो, कधी वाळूच्या रस्त्यानं आणि कधी मदतीला म्हणून गेलेल्या पक्षिमित्रांच्या पायवाटेनंसुद्धा. म्हणून वसाहत राखताना कुठलंही काम हाती घेण्याआधी एकच गोष्ट तपासावी: यामुळे बेट काठापासून आणखी तुटतं की काठाला आणखी जोडलं जातं?

वसाहत शोधणं

शोध जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात सुरू करावा, काठावरूनच. ८×२५ किंवा ८×४२ (आठ पट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग २५ किंवा ४२ मिलिमीटरचं), जी हाताशी असेल ती दुर्बीण चालते. तिपाईवरची मोठी दुर्बीण असेल तर उत्तम. सकाळी सात ते नऊ ही वेळ चांगली, नंतर वाळूवर उष्णतेच्या लाटा दिसू लागतात आणि बसलेला पक्षी दगडासारखा भासतो. नर मासा आणून मादीला भरवू लागला, तीच जोडी दोन-तीन दिवस त्याच टापूत बसू लागली आणि घारीवर सगळा थवा मिळून तुटून पडू लागला, तर तिथे वीण होणार हे धरून चालावं. सगळे पक्षी वाऱ्याकडे तोंड करून, एकमेकांपासून ठराविक अंतरावर, जमिनीला चिकटून बसले असतील तर अंडी पडलेली आहेत. खात्री करायला बेटावर उतरू नये.

जागेची नोंद ठेवावी, पण समाजमाध्यमांवर जागा सांगू नये. फोटो टाकायचाच असेल तर मोबाइलमधलं ठिकाण बंद करावं आणि मागे ओळखू येणारा पूल, देऊळ, घाट येणार नाही असं बघावं. एका फोटोमागे रविवारी दहा मोटारसायकली येतात.

पाणी: दोन खुणा आणि त्यांच्या मधला पट्टा

हंगाम हातचा जातो तो बहुतेक वेळा पाण्यामुळे, आणि दोन्ही बाजूंनी. पाणी चढलं की अंडी वाहून जातात. उतरलं की बेट काठाला जोडलं जातं आणि रात्रीत कुत्री येतात. म्हणून हे काम सर्वांत आधी आणि सर्वांत नेटानं करावं.

उन्हाळ्यात कोयनेतून सोडलेलं पाणी कृष्णेत येतं, टेंभू, ताकारी आणि म्हैसाळच्या उपसा योजना ते उचलतात आणि मध्ये कोल्हापुरी पद्धतीचे बंधारे ते अडवून धरतात. नदीची पातळी त्यामुळे पावसावर नव्हे, आवर्तनावर (धरणातून पाळीनं सुटणाऱ्या पाण्यावर) आणि बरग्यांवर (बंधाऱ्यात पाणी अडवायला घालतात त्या फळ्यांवर) हलते. हे वेळापत्रकावर चालणारं काम असल्यानं आधी विचारता येतं आणि थोडंफार जुळवूनही घेता येतं.

जानेवारीअखेर, पक्ष्यांनी जागा धरण्याआधी, तीन मापं घ्यावीत. त्यासाठी अडीच मीटरची लाकडी पट्टी किंवा जाड बांबू, पाच-पाच सेंटिमीटरवर रंगाच्या खुणा, गवंडी वापरतात ती दहा मीटर पारदर्शक लेव्हलची नळी आणि सुतळी एवढं पुरतं. पट्टी काठाशी संथ पाण्यात किमान साठ सेंटिमीटर खोल ठोकावी. ती कुणीतरी उपटणार किंवा गुरांचा धक्का लागणार हे गृहीत धरून जवळच्या घाटाच्या पायरीवर किंवा पक्क्या खडकावर तिच्याच एखाद्या आकड्याची रंगाची खूण करून ठेवावी. पट्टी गेली तरी मोजणी वाया जात नाही.

पहिलं माप म्हणजे पट्टीवरची त्या दिवशीची पातळी. दुसरं, बेटावरचा पक्षी वापरतील असा सपाट उघडा भाग पाण्यापासून किती उंच आहे. नळीचं एक टोक पाण्याच्या कडेला आणि दुसरं त्या सपाटीवर धरायचं. नळीत बुडबुडा राहिला तर माप चार-पाच सेंटिमीटरनं सहज चुकतं, म्हणून पाणी भरताना एक टोक खाली सोडून हवा पूर्ण काढावी. तिसरं माप बहुतेक जण विसरतात: बेट आणि काठ यांच्यामधल्या सर्वांत उथळ वाटेची खोली. ही वाट मच्छीमारांना पाठ असते. त्यांना विचारून बांबू टेकवत जावं.

आता हिशेब. समजा पट्टीवर १.४० मीटर आहे, सपाटी पाण्यापासून ५५ सेंटिमीटर वर आहे आणि उथळ वाटेवर ९० सेंटिमीटर पाणी आहे. पातळी १.९५ झाली की अंडी बुडणार. लाटा आणि वाऱ्यासाठी १५ सेंटिमीटर सोडले तर वरची हद्द १.८० आली. कुत्र्याला पाय न टेकता पोहावं लागेल इतकं, म्हणजे किमान ६० सेंटिमीटर पाणी वाटेवर राहायला हवं, तर पातळी ३० सेंटिमीटरच उतरू शकते. खालची हद्द १.१०. नदी १ मार्च ते ३१ मे या दोन खुणांच्या मध्ये राहिली तर वसाहत बहुतांश तरते.

हा पट्टा घेऊन पाटबंधारे विभागाच्या शाखा कार्यालयात फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात जावं. एक पानाचा अर्ज, सोबत हातानं काढलेला नकाशा आणि हे दोन आकडे. आकडे बंधाऱ्याच्या माथ्याच्या किंवा त्यांच्या मोजपट्टीच्या हिशेबात लिहून दिले तर अभियंत्याला लगेच कळतात. प्रत वनक्षेत्रपाल आणि ग्रामपंचायतीला द्यावी. पाणी सोडू नका अशी मागणी करू नये. उसाला आणि पिण्याला पाणी लागतंच, आणि पक्ष्यांना शेतकऱ्यासमोर उभं केलं की पक्षी हरतात. मागायचं ते वेळापत्रक. पातळी चढवायचीच असेल तर ती फेब्रुवारीत, अंडी पडण्याआधी चढवावी. सुरय मग आपोआप वरची जागा धरतात. हंगामाच्या मध्ये बरग्यांची ओळ वाढवू नये आणि आवर्तन सुटण्याआधी दोन दिवस फोन यावा. एवढं बहुतेक अभियंते देऊ शकतात, कारण त्यात त्यांचा थेंबही जात नाही.

बिघडतं कुठे, तर बरगे चोरीला जातात किंवा कुणीतरी रात्री काढतं. पातळी सकाळपर्यंत खालच्या हद्दीखाली येते. म्हणून पट्टी रोज सकाळी वाचायची, आणि ज्या दिवशी २० सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक दिसेल त्या दिवशी लगेच बंधाऱ्यावर जाऊन बघायचं.

बेटाच्या या जोडणीचं महत्त्व उत्तरेकडच्या टोकालाही तेवढंच आहे. उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्ड बेटांवरच्या कोंग्सफ्योर्डेन या खाडीत, जिच्या काठी २००८ पासून भारताचं हिमाद्री संशोधन केंद्र आहे, छोट्या बेटांवर आयडर बदकं घरटी करतात. ज्या वर्षी वसंतात खाडीतला बर्फ उशिरापर्यंत टिकतो, त्या वर्षी कोल्हे त्यावरून चालत बेटांवर जातात आणि अंडी फस्त करतात. तिथे बर्फ जे करतो तेच इथे उतरलेलं पाणी करतं.

सपाटी फारच खाली असेल तर बेटाचा एक भाग उंच करता येतो, पण फक्त फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत आणि वनविभागाला कळवून. तीन मीटर बाय तीन मीटरचा, वीस सेंटिमीटर जाडीचा थर म्हणजे १.८ घनमीटर वाळू, वजनानं पावणेतीन-तीन टन. चाळीस किलोच्या बाहत्तर गोण्या होतात. सहा माणसांचं सकाळभराचं काम. वाळू त्याच बेटाच्या खालच्या अंगाची घ्यावी. काठावरची आणली तर तिच्यासोबत गाजर गवताचं बी येतं. कडेला भरलेल्या गोण्यांची एक ओळ लावून तिच्यावर वाळू पसरावी, नाहीतर पहिल्याच लाटेला थर सरकतो. गोण्या ज्यूटच्या असाव्यात. प्लॅस्टिकच्या गोणीचे उन्हानं सुटलेले धागे पिल्लांच्या पायात अडकतात.

अंडी पडल्यानंतर घरटी उचलून वर ठेवण्याचा मोह आवरावा. वन्यजीव (संरक्षण) कायदा १९७२ मध्ये पक्ष्यांची अंडी किंवा घरटी हलवणं-विस्कटणं हे शिकारीच्या व्याख्येतच येतं. पाणी चढत असेल तर वनविभागाचा १९२६ हा हेल्पलाइन क्रमांक फिरवावा, आणि त्यांचा माणूस हजर असतानाच काय ते करावं.

धरणाच्या फुगवट्यात पातळी इतकी हलते की पट्टा पाळणं अशक्य असतं. तिथे तरंगता तराफा हा पर्याय आहे; युरोपात साध्या सुरयांसाठी तो वर्षानुवर्षं वापरात आहे. अडीच मीटर चौरस बांबूची चौकट, खाली दोनशे लिटरचे सहा बंद ड्रम, वर पाच सेंटिमीटर खडी-वाळू. कडेला वीसेक सेंटिमीटरचा कठडा हवा आणि पाण्यात पडलेलं पिल्लू परत चढेल अशी खरबरीत उतरती फळी दोन बाजूंना हवी. नांगराची दोरी खोलीच्या तिप्पट. तरीही नैसर्गिक बेट शाबूत असेल तर तराफ्यामागे लागू नये.

रान साफ करणं आणि सावली

सुरयांना उघडी वाळू लागते. बेशरम, गाजर गवत आणि वेडी बाभूळ यांनी बेट झाकलं की पक्षी ते सोडतात, शिवाय मुंगसाला लपायला जागा होते. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्याआधी ही झुडपं मुळासकट उपटून होडीनं काठावर न्यावीत. बेशरमीची कांडी ओल्या वाळूत पडली तरी फुटते, त्यामुळे कापून तिथेच टाकणं म्हणजे लागवड करणं. नदीचं आपलं गवत, बारकी झुडपं थोडी ठेवावीत; पिल्लं दोन-तीन दिवसांची झाली की खळगा सोडून त्यांच्या आडोशाला जातात.

होडीत चढण्याआधी चपलांचे तळवे, पँटची दुमड आणि पिशव्यांचे तळ झाडावेत. अंटार्क्टिकेला जाणाऱ्या जहाजांवर प्रवाशांचे खिसे आणि कपड्यांवरच्या व्हेल्क्रोच्या पट्ट्या व्हॅक्यूमनं साफ करतात, कारण किंग जॉर्ज बेटावर एक साधं परकं गवत माणसांच्या सामानातून येऊन रुजलं आणि ते काढता काढता शास्त्रज्ञ दमले.

ज्या बेटावर दगड-झुडूप काहीच नाही तिथे नळीची जुनी कौलं उपयोगी पडतात. दहा-बारा कौलं वाळूवर पालथी ठेवावीत, तोंडं उत्तर-दक्षिण, म्हणजे दुपारनंतरचं पश्चिमेचं ऊन आत शिरत नाही. वाऱ्यानं उलटू नयेत म्हणून दोन्ही अंगांना दगड लावावेत. पिल्लू त्याखाली उन्हापासून आणि घारीपासूनही वाचतं. कौलं अंडी पडण्याआधीच ठेवायची. नंतर ठेवायला जाणं हेच नुकसान. बेटावर खांब, काठी, झेंडा, पाटी काहीही उभं करू नये. उंच जागा मिळाली की त्यावर कावळा येऊन बसतो आणि तिथूनच अंडी हेरतो.

कुत्री

रात्रीतून दोन कुत्री एक पूर्ण वसाहत संपवू शकतात. ओळखू येतं ते असं: वाळूत नख्यांसह उमटलेले पंजे, अंडी चावून पसरलेली कवचं आणि पहाटे पक्षी बेटावर न बसता पाण्यावर घिरट्या घालताना. कावळ्यानं अंडं नेलं तर कवच बहुधा जागेवर राहत नाही.

उपाय काठावर सुरू होतो. घाटावर मासळीची घाण, नदीत टाकलेला कोंबड्यांचा कचरा, उघड्यावरचं मेलेलं जनावर, यांमुळे कुत्र्यांची टोळी त्या टापूत मुक्काम करते. ग्रामपंचायतीला सांगून मार्चआधी हे बंद करवलं तर निम्मं काम होतं.

बेट जोडलं गेलंच तर कुंपण मानेवर, म्हणजे बेट आणि काठ जोडणाऱ्या अरुंद पट्टीवर घालावं, वसाहतीभोवती नव्हे. वसाहतीभोवतीच्या जाळीत पिल्लं अडकतात. मानेवर सव्वा मीटर उंचीची दोन इंची लोखंडी जाळी, दर दोन मीटरला बांबू, आणि खालची तीस सेंटिमीटर जाळी काठाच्या दिशेनं जमिनीवर वळवून तिच्यावर दगड. कुत्रं नेहमी कुंपणाच्या बुडाशी खणतं. वळवलेल्या जाळीवर उभं राहून त्याला खणता येत नाही. दोन्ही टोकं कमरेइतक्या पाण्यात न्यावीत आणि पाणी उतरेल तशी पुढे वाढवावीत. टोक वाढवायचं राहून जातं, आणि कुत्री तिथूनच वळसा घालून येतात. मासेमारीची नायलॉनची जाळी यासाठी कधीही वापरू नये, तिच्यात पक्षी, साप आणि कासवंही गुंततात. शेतात डुकरांसाठी लावतात तसं सौरऊर्जेवरचं झटका यंत्र मानेवर चालतं, तारा जमिनीपासून वीस आणि पंचेचाळीस सेंटिमीटरवर. थेट विजेची तार जोडणं बेकायदा आहे आणि माणूस मारतं.

विषाचा विषय निघतो, कारण दक्षिणेकडच्या बेटांवर उंदीर विषानंच संपवले. पण ते कसं, हे नीट पाहावं. साउथ जॉर्जियात २०११, २०१३ आणि २०१५ अशा तीन टप्प्यांत हेलिकॉप्टरनं विषारी आमिष टाकलं गेलं. हिमनद्यांमुळे बेटाचे कप्पे पडले होते, उंदीर एका कप्प्यातून दुसऱ्यात जाऊ शकत नव्हते, म्हणून कप्पा-कप्पा साफ करता आला. आणि हिमनद्या मागे हटत असल्यानं घाई होती. मग शोधक कुत्री फिरवून २०१८ मध्ये बेट उंदीरमुक्त जाहीर झालं. दुसरीकडे दक्षिण अटलांटिकमधल्या गॉफ बेटावर २०२१ मध्ये तेच केलं, आणि त्याच वर्षाअखेर उंदीर पुन्हा दिसले. आजही ते अल्बट्रॉसची पिल्लं जिवंत कुरतडतात. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेकडच्या मॅक्वारी बेटावर २००० पर्यंत मांजरं संपवली, मांजरांचा धाक गेला, सशांवरच्या रोगाचाही जोर ओसरला आणि सशांनी उतार खाऊन उघडे केले. अखेर २०११ पासून ससे, मोठे उंदीर, बारके उंदीर सगळं एकत्र काढावं लागलं. हजार किलोमीटर समुद्रानं वेढलेल्या बेटावर इतकं अवघड, तर जिथे पलीकडच्या काठावर गाव आहे तिथे विष टाकून काही साधत नाही. रिकाम्या जागी आठवड्यात नवी कुत्री येतात. मरतात ती घारी-घुबडं आणि गावची जनावरं. मुंगूस, कावळे, घारी हे तर इथलेच आहेत. त्यांना मारू नये.

माणसं

राखणदार हवा तो नदीवरचाच. बेटासमोर रोज जाळं टाकणारा भोई किंवा कोळी हंगामभर तिथे असतोच. मार्च ते मे त्याला रोजंदारी द्यावी, आणि ती उसाच्या फडावरच्या मजुरीपेक्षा कमी नसावी. पैसे दिवसावर द्यावेत, पिल्लांच्या संख्येवर कधीही नाही. संख्येवर दिले की राखणदार मोजायला घरट्यांत जातो. चंबळ नदीवर पाणचिरा पक्ष्यासाठी गावातले घरटं-राखणदार नेमण्याचा मार्ग बीएनएचएसनं (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनं) अवलंबला आहे. आइसलँडमध्ये शेतकरीच आयडरच्या वसाहती कोल्हा आणि मिंक (मुंगसासारखा शिकारी प्राणी) यांच्यापासून राखतात, कारण घरट्यातली मऊ पिसं त्यांना विकता येतात; किलोभर पिसांना साठेक घरटी लागतात. इथे पिसं विकायची नाहीत, पण पक्षी राहण्यात स्थानिकाचा फायदा असला पाहिजे हे तत्त्व तेच.

गाळपेर करणाऱ्यांना आणि मेंढपाळांना फेब्रुवारीतच, प्रत्यक्ष भेटून सांगावं. मेंढरांचा कळप बेटावरून गेला की अंडं शिल्लक राहत नाही, पण मेंढपाळाला पर्यायी वाट दाखवली तर तो सहसा वळतो. फोनवर निरोप धाडून हे होत नाही. वाळू उपशाची तक्रार महसूल खात्याकडे, तलाठ्यामार्फत लेखी. राखणदारानं ट्रॅक्टरवाल्यांशी भांडायला जाऊ नये, ते धोक्याचं आहे.

होड्यांसाठी हद्द आखताना पुस्तकातलं अंतर घेऊ नये. अंटार्क्टिकेत पर्यटकांनी प्राण्यांपासून किमान पाच मीटर राहावं असा नियम आहे, पण पेंग्विन जमिनीवरच्या शिकाऱ्याला भीत नाही, सुरय भितो. होडी हळूहळू जवळ न्यावी, पहिला पक्षी अस्वस्थ होऊन उठतो ते अंतर पाहावं आणि त्याच्या दुप्पट अंतरावर हद्द ठेवावी. बहुतेक ठिकाणी ती शंभर मीटरच्या आसपास येते. हद्दीवर पाच लिटरचे रिकामे कॅन केशरी रंगवून दर पंचवीस मीटरला सोडावेत, खाली दगडाची गोणी, दोरी खोलीच्या दीडपट. दोरी खोलीइतकीच ठेवली तर आवर्तनात कॅन पाण्याखाली जातो.

पाटी घाटावर लावावी आणि मजकूर थेट असावा: “पुढच्या बेटावर पक्ष्यांची अंडी आहेत. ती वाळूच्या रंगाची असतात, पायाखाली येतात. मार्च ते मे बेटावर उतरू नका, ड्रोन उडवू नका.” खाली ग्रामपंचायतीचं नाव. गावाचं नाव असलेली पाटी गावातली पोरं फोडत नाहीत.

बेटावर उतरावंच लागलं तर

एप्रिलमध्ये सांगली-मिरजेकडे दुपारची वाळू अनवाणी पाय ठेवता येणार नाही इतकी तापते. त्या वाळूवर उघडं पडलेलं अंडं काही मिनिटांत आतून शिजतं. सुरय म्हणूनच अंड्यांवर सावली धरून उभा राहतो आणि मधूनच पोटाची पिसं पाण्यात भिजवून येतो. आपण बेटावर असू तितका वेळ हे सगळं थांबतं. अंटार्क्टिकेत माणूस जवळ गेला की पेंग्विन उठतो आणि स्कुआ हा शिकारी समुद्रपक्षी अंडं उचलतो किंवा ते गारठतं. इथे कावळा उचलतो किंवा ऊन मारतं.

म्हणून उतरायचं ते सकाळी साडेसातच्या आत किंवा संध्याकाळी साडेपाचनंतर, जास्तीत जास्त तीन माणसं, पंधरा मिनिटं घड्याळ लावून. वादळी वारा किंवा वळवाची चिन्हं असतील तर जाऊ नये. एकामागोमाग एक, पुढच्याच्या पावलावर पाऊल टाकत चालावं. पुढच्यानं फक्त जमीन पाहावी. पक्षी उठून पाच मिनिटांत परत बसू लागले नाहीत तर काम अर्धं टाकून निघावं.

मोजणी

आठवड्यातून एकदा, काठावरून, त्याच जागी उभं राहून, त्याच वेळी. बसलेले पक्षी तीनदा मोजावेत आणि मधला आकडा लिहावा. वहीत तारीख, वेळ, पट्टीची पातळी, बसलेले पक्षी, दिसलेली पिल्लं आणि त्या आठवड्यात काय बिघडलं ते: पाणी, कुत्रं, माणूस, कावळा की ऊन. हे शेवटचं सदर रिकामं ठेवू नये. पुढच्या वर्षी पैसा कुंपणाला घालायचा की अभियंत्याच्या दारात बसायचं, हे त्याच सदरावरून ठरतं. अंडी साधारण तीन आठवडे उबवली जातात आणि पिल्लं उडायला आणखी महिनाभर लागतो. त्यामुळे मार्चअखेर बसलेले पक्षी एप्रिलच्या मध्यात एकाएकी कमी दिसले आणि पिल्लंही नाहीत, तर तिथे काहीतरी घडलं आहे.

मेलेले पक्षी

एखादं पिल्लू मरतंच. पण दोन-तीन दिवसांत चार-पाच मोठे पक्षी मेलेले दिसले तर हात लावू नये. अतिसंसर्गजन्य बर्ड फ्लू ऑक्टोबर २०२३ मध्ये साउथ जॉर्जियात पोचला आणि २०२४ च्या सुरुवातीला अंटार्क्टिकेच्या मुख्य भूमीवरही सापडला. इतक्या दूर तो पक्ष्यांनीच नेला. विट्याच्या बाजूला कोंबडीपालनाचा मोठा धंदा आहे, त्यामुळे हा संबंध दोन्हीकडून जपायला हवा. शेडवर काम करणाऱ्यानं त्याच चपला घालून बेटावर जाऊ नये, आणि बेटावरून थेट शेडवर तर मुळीच नाही. आधी ब्रशनं चिखल पूर्ण काढावा, मग पोल्ट्रीसाठी मिळणाऱ्या व्हर्कॉन या जंतुनाशकाच्या एक टक्का द्रावणात, म्हणजे लिटरला दहा ग्रॅम, तळवे दहा मिनिटं ठेवावेत. चिखल तसाच ठेवून बुडवलं तर औषध चिखलातच संपतं. पशुसंवर्धन खात्याच्या जवळच्या दवाखान्यात आणि वनविभागाला कळवावं. नमुने तेच घेतील.

पावसाआधी

शेवटचं पिल्लू उडेपर्यंत थांबून, पण मृगाच्या पहिल्या मोठ्या पाण्याआधी, सगळं सामान काढावं: कॅन, दोऱ्या, जाळी, कौलं. राहिलेली जाळी पुरात वाहून पुढच्या बंधाऱ्याच्या तोंडाशी अडकते. २०१९ सारख्या पुरानंतर बेट जागा बदलतं, आकार बदलतं, कधी नाहीसंच होतं आणि खाली नवं तयार होतं. त्यामुळे मागच्या वर्षीची मापं पुढे चालत नाहीत, आणि कायमचं बांधकाम करून उपयोग नाही. वरच्या अंगाला वाळू उपसली गेली असेल तर नवं बेट घडायला सामानच उरत नाही. ती जागा वहीत लिहून ठेवावी.

वहीची एक प्रत पाटबंधारे शाखेत जूनमध्ये द्यावी आणि ऑक्टोबरमध्ये, बंधाऱ्यांत बरगे घालायला सुरुवात होण्याआधी, तीच प्रत घेऊन पुन्हा जावं. तोवर अधिकाऱ्याची बदली झालेली असू शकते, आणि नव्या माणसाला दोन खुणांचा पट्टा पहिल्यापासून समजावून सांगावा लागतो.